मोटरीच्या पट्टीवरचे आकडे: ओहम, ज्यूल आणि वॅट यांची पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत किंवा पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात यंत्रमागाच्या मोटरीवरची पत्र्याची पट्टी वाचली, तर तिच्यावर व्होल्ट, अँपिअर, हॉर्सपॉवर किंवा किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारापैकी प्रत्यक्ष शक्तीचा वाटा) हे आकडे आढळतात. ओहम मात्र आढळत नाही. शाळेच्या विज्ञानात विभवांतराला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि त्याच दोन राशींचा गुणाकार केला की शक्ती मिळते, असे लागोपाठ शिकवले जाते. त्यामुळे ही दोन्ही सूत्रे एकाच बैठकीत सापडली असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या प्रश्नांतून आली.

यांपैकी पहिले सूत्र गेओर्ग झिमोन ओहम यांचे. कुलपे बनवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा जर्मनीत कलोन येथे शाळेत गणित व भौतिकशास्त्र शिकवत असे. त्या काळी व्होल्टमीटर नव्हता, ‘व्होल्ट’ हे एककही नव्हते. 1825 मध्ये त्यांनी व्होल्टाच्या विद्युतघटांवर प्रयोग केले, पण घट वापरता वापरता क्षीण होत असल्याने आकडे स्थिर राहिनात आणि काढलेला नियमही चुकला. पुढे भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सल्ल्यावरून त्यांनी घट बाजूला ठेवून तांबे आणि बिस्मथ यांचा सांधा वापरला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्याच्या वाफेत आणि दुसरे बर्फात ठेवले की तापमानातला फरक ठरलेला राहतो, म्हणून विजेचा जोरही ठरलेला राहतो. सगळ्या प्रयोगातले खरे चातुर्य मला इथे दिसते, कारण मोजण्याआधी स्थिर उगम मिळवणे हीच मोठी अडचण होती. मग 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंत लांबीच्या, सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडायच्या आणि टांगलेली चुंबकसूची किती वळते ते पाहायचे, असा क्रम त्यांनी ठेवला. तारेची लांबी वाढेल तशी धारा कमी होत गेली, आणि ती एका साध्या भागाकाराने मांडता आली: वर उगमाचा जोर, खाली तारेची लांबी अधिक उरलेल्या परिपथाचा वाटा. 1827 मध्ये त्यांनी हे पुस्तकरूपाने मांडले. जर्मनीत त्याचे स्वागत थंडच झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपली पदक दिले ते 1841 मध्ये. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांना याच संबंधाचा सुगावा 1781 मध्येच लागला होता, पण त्यांनी तो छापला नाही आणि मॅक्सवेल यांनी ती टिपणे प्रसिद्ध केली तेव्हा 1879 साल उजाडले होते.

विभवांतर भागिले धारा ही रोधाची व्याख्या झाली, तो ओहमचा नियम नव्हे. हा भागाकार तापमान कायम असताना धातूच्या तारेत बदलत नाही, हा नियम होय. 230 व्होल्टच्या 60 वॅट बल्बचा पेटलेल्या अवस्थेतला रोध सुमारे 882 ओहम येतो, पण विझलेला, थंड बल्ब मल्टिमीटरला लावला तर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आकडा दिसतो. तापलेल्या टंगस्टनचा रोध वाढतो, एवढेच त्याचे कारण.

शक्तीच्या सूत्राकडे नेणारी वाट उष्णतेतून गेली. बिअर बनवणाऱ्या घराण्यातले जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी 1840 च्या सुमारास पाण्यात तारेचे वेटोळे बुडवून थर्मामीटर लावला आणि दाखवले की ठरावीक वेळात निर्माण होणारी उष्णता धारेचा वर्ग गुणिले रोध या प्रमाणात असते. त्यात ओहमचे सूत्र घातले की विभवांतर गुणिले धारा हा गुणाकार आपोआप मिळतो. एककांचा गोंधळ मात्र बराच काळ चालला. 1881 च्या पॅरिस परिषदेत ओहम, व्होल्ट आणि अँपिअर मान्य झाले. 1882 मध्ये विल्यम सीमेन्स यांनी शक्तीच्या एककाला ‘वॅट’ म्हणावे असे सुचवले. जेम्स वॅट 1819 मध्येच वारले होते, म्हणजे विजेच्या धारेने चुंबकसूची हलते हे ऑर्स्टेड यांनी दाखवण्याच्या आदल्याच वर्षी. त्यांची हॉर्सपॉवर वाफेच्या इंजिनासाठी होती, आणि सोलापूरची जुनी गिरणी 1877 मध्ये उभी राहिली तेव्हा तिथेही वाफच होती. आज 746 वॅट म्हणजे एक हॉर्सपॉवर हा हिशेब मागाच्या मोटरीबरोबर तेवढा उरला आहे.

त्या पट्टीवर ओहम का नसतो, याचे उत्तर आता देता येते. एक हॉर्सपॉवरच्या मोटरीच्या गुंडाळीचा रोध दहा-वीस ओहम भरला आणि कोणी पुरवठ्याच्या 415 व्होल्टना त्याने भागले, तर वीस ते चाळीस अँपिअर येतील. चालत्या मोटरीच्या तारेला क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून धारा मोजणारे यंत्र) लावला तर दोनच्या आसपास दिसतात. फिरणारी मोटर स्वतःच उलट दाब निर्माण करते, त्यामुळे नुसत्या तारेचा रोध तिची धारा ठरवत नाही. शक्तीही थेट गुणाकाराने मिळत नाही. तीन फेजवर 415 व्होल्ट, 2 अँपिअर आणि 0.75 पॉवर फॅक्टर धरला, तर तीन फेजसाठी 1.732 (तीनचे वर्गमूळ) ने गुणून सुमारे 1078 वॅट घेतले जातात. त्यांतले 746 वॅट दांड्यावर मिळतात, बाकीचे बहुतांशी उष्णतेत जातात.

ज्यूल यांच्या सूत्रातला धारेचा तो वर्ग सोलापूरच्या वेशीवर मोठ्या आकड्यांत दिसतो. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी समकालिक पद्धतीने, म्हणजे एकाच वारंवारतेने, जोडले गेले. 1000 मेगावॅट वीज 400 किलोव्होल्टवर न्यायची झाली, तर पॉवर फॅक्टर एक धरून प्रत्येक तारेत सुमारे 1443 अँपिअर धारा लागते; 765 किलोव्होल्टवर 755 अँपिअर पुरतात. त्याच रोधाच्या तारेत होणारी उष्णतेची हानी त्यामुळे जवळपास पावणेचार पटींनी घटते.