ब्रिस्टल: भरतीच्या जोरावर मोठं झालेलं बंदर

ब्रिस्टल खरं तर समुद्रकाठी नाहीच, एव्हन नदीतून काही किलोमीटर आत आहे, तरी मध्ययुगात ते इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या बंदरांमध्ये गणलं जायचं. याचं श्रेय मी आधी भरतीला देईन, राजांना नंतर.

एव्हन जिला मिळते ती सेव्हर्नची खाडी नरसाळ्यासारखी निमुळती आणि उथळ होत जाते. अटलांटिकमधून आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागा उरत नाही म्हणून ते वर चढतं, त्यात खाडीची लांबी-खोली अशी की तिथल्या पाण्याचं नैसर्गिक हेलकावणं भरतीच्या साडेबारा तासांच्या तालाच्या जवळ जातं आणि प्रत्येक भरतीला आणखी जोर मिळतो. उधाणाच्या दिवशी एव्हनच्या मुखाशी भरती-ओहोटीतला फरक 14 मीटरच्या आसपास जातो, जगातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी एक! त्या पाण्यावर जहाजं अरुंद घळीतून थेट गावात यायची. ओहोटीला मात्र माल भरलेलं जहाज चिखलात बसायचं, सांगाडा कमकुवत असला तर संपलंच.

इ.स. 1000 च्या सुमारास इथे पूल होता, गाव होतं, नाणी पाडली जायची. आयर्लंडशी व्यापार जोरात, आणि हे लपवू नये, त्यात माणसंही विकली जायची, वुस्टरच्या बिशप वुल्फस्टननी त्याविरुद्ध इथे येऊन प्रवचनं दिली. 1141 मध्ये राजा स्टीफन इथल्या किल्ल्यात कैदेत होता.

पण मला सगळ्यात भारी वाटतं ते 1240 च्या दशकातलं काम. धक्के अपुरे पडायला लागले तेव्हा लोकांनी एव्हनला मिळणारी फ्रोम नदीच वळवली. दलदलीतून सुमारे 2,400 फूट लांब, 120 फूट रुंद, 18 फूट खोल चर, तोही फावड्यांनी खणलेला, खर्च 5,000 पौंडांच्या घरात. एव्हनपलीकडच्या रेडक्लिफ वस्तीतल्या लोकांनी हात लावावा म्हणून राजा तिसऱ्या हेन्रीला हुकूम काढावा लागला. नव्या पात्राचा तळ मऊ चिखलाचा, म्हणजे ओहोटीला जहाजं खडकावर न आपटता अलगद टेकणार. त्याच सुमारास एव्हनवर दगडी पूलही झाला.

1348 मध्ये प्लेगने शहराला झोडपलं, तरी बोर्दोची वाईन आणि लोकरीचं कापड यांचा धंदा टिकला, आणि 1373 मध्ये तिसऱ्या एडवर्डने ब्रिस्टलला स्वतंत्र काउंटी (म्हणजे जिल्हा) केलं. 1497 ला दर्यावर्दी जॉन कॅबट इथूनच मॅथ्यू जहाज घेऊन अटलांटिकपार गेला. चिखलात बसण्याचा त्रास मात्र थेट 1809 ला संपला, तेव्हा दरवाजे बांधून बंदरात पाणी कायमचं अडवलं. तेराव्या शतकातल्या त्या चराच्या खालच्या भागात आजही बोटी उभ्या असतात.