हिरवा रस आणि ‘डिटॉक्स’: दोन वाटा एकत्र कशा आल्या?

पुण्या-मुंबईच्या बागांबाहेर सकाळी गव्हांकुर, दुधी, कारले, आवळा यांचे रस विकणारे आता नेहमीचे झाले आहेत. हेच रस तीन, पाच किंवा सात दिवसांच्या ‘डिटॉक्स’च्या नावाने बाटलीबंद होऊन घरपोच येतात, तेव्हा किंमत चढते आणि दावेही मोठे होतात. मुळात हिरवा रस आणि शरीरशुद्धी यांचा जन्म वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हेतूंनी झाला.

शुद्धीची आधुनिक कल्पना जुनी आहे. 1880 च्या दशकात पॅरिसचे डॉक्टर शार्ल बुशार यांनी असे मांडले, की आतड्यात कुजणाऱ्या अन्नातील विषे रक्तात भिनून रोग निर्माण करतात. लाइपझिगचे लुई कुने त्याच काळात प्रत्येक आजाराचे मूळ शरीरात साठलेल्या ‘विजातीय द्रव्या’त पाहत होते आणि त्यावर कटिस्नान सांगत होते. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन तर या विषाच्या भीतीने बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच काढू लागले. 1919 मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर अल्व्हारेझ यांनी एक साधा मुद्दा पुढे आणला. शौच होताच डोकेदुखी, जडपणा लगेच जातो. रक्तात विष भिनले असते तर आराम इतक्या चटकन पडला नसता. त्यामुळे त्रास विषाचा नसून ताणलेल्या गुदाशयाचा आहे. पुढे काही निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून तीच लक्षणे निर्माण करून दाखवली गेली. वैद्यकाने हा सिद्धांत सोडला, पण लोकांच्या मनातून तो गेला नाही.

महाराष्ट्रात त्याची एक शाखा गांधीजींमुळे रुजली. कुने आणि जर्मन निसर्गोपचारक आडोल्फ युस्ट यांचा त्यांच्यावर प्रभाव होता. 1946 मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू झाला आणि तो मणिभाई देसाईंनी वाढवला. तिथला भर मातीची पट्टी, पाण्याचे उपचार, साधा आहार यांवर, म्हणजे गरिबाला परवडेल अशा गोष्टींवर होता. आजची महागडी पाकिटे पाहताना हे जरूर आठवावे.

हिरव्या रसाची सुरुवात मात्र कोंबड्यांच्या खुराड्यात झाली. 1930 च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स श्नाबेल या कृषी-रसायनशास्त्रज्ञाने आजारी कोंबड्यांना गहू-ओटची कोवळी पात सुकवून खाऊ घातली. त्या सुधारल्या आणि अंडीही वाढली. पीक कांडी धरण्याआधी कापले तर पातीत पोषण सर्वाधिक असते, हे त्याचे निरीक्षण. जपानमध्ये ‘आओजिरु’ हा हिरवा रस दुसऱ्या महायुद्धातल्या अन्नटंचाईत पुढे आला. दोन्हीकडे हेतू शरीरात भर घालण्याचा होता, शरीरातून काही काढण्याचा नव्हता. रस आणि शुद्धी यांची गाठ ठळकपणे बांधली ती बोस्टनच्या ॲन विग्मोर यांनी, गव्हांकुरांच्या प्रचारातून. त्यांच्या कार्यक्रमाने मधुमेहींची इन्सुलिनची गरज कमी होते, या दाव्यावरून 1982 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने त्यांच्यावर खटला भरला.

गव्हांकुरांच्या रसाला लावला जाणारा ‘हिरवे रक्त’ हा शब्दही याच प्रचारातला. हरितद्रव्य आणि हिमोग्लोबिन यांच्यातल्या रंगद्रव्याची चौकट सारखी दिसते, हे खरे. एकात मध्यभागी मॅग्नेशियम, दुसऱ्यात लोह. पण प्यायलेले हरितद्रव्य शरीरात हिमोग्लोबिन बनत नाही.

विषे काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अखंड करत असतात. मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. तीन दिवसांत दोन किलो वजन उतरते, ते बहुतांशी ग्लायकोजन (यकृत-स्नायूंत साठवलेली साखर) आणि पाणी असते. एक ग्रॅम ग्लायकोजनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी जाते आणि भाकरी-भात सुरू होताच ते परत येते.

रसाने बिघडते ते इथे. पालकात ऑक्झलेट, म्हणजे मूत्रपिंडात खडे होऊ शकणारे द्रव्य, भरपूर असते. एक-दोन वाट्या भाजी कोणी खाईल, पण रसात अर्धा किलो सहज जातो. 2018 मध्ये अशाच ‘क्लेन्स’नंतर (रसाच्या शुद्धीनंतर) मूत्रपिंड निकामी झालेल्या एका महिला रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. तिची आधी जठराची शस्त्रक्रिया झाली होती आणि प्रतिजैविकांचा दीर्घ कोर्सही झाला होता. ज्यांना मुतखडा झाला आहे, त्यांनी पालकाचा रस टाळावाच. हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमरॉल या रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अचानक रोज पालेभाजीचा रस सुरू केला, तर त्यातल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम घटतो.

दुधीचे तर फार जपावे. कडू दुधीत कुकुरबिटॅसिन हे विषारी द्रव्य असते आणि त्याला उतारा नाही. रस काढण्याआधी प्रत्येक फळाची चकती चाखावी. कडू लागली तर पूर्ण दुधी फेकावा. कारले-आवळ्यात मिसळू नये, कारण कडूपणा लपतो. रस प्यायल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटात कळा आल्या तर थांबू नये, रुग्णालय गाठावे.

गव्हांकुर घरी करायचे तर मूठभर गहू आठ-बारा तास भिजवून मोड आणावेत, इंचभर मातीवर पसरून दोन दिवस झाकावेत. आठ-दहा दिवसांत पात वीतभर होते. पाणी जास्त झाले की मुळाशी पांढरी बुरशी धरते, मग तो ट्रे टाकून द्यावा. 30 मिली पुरे. रस काढल्यावर लगेच प्यावा, कच्चा रस ठेवला तर जंतू वाढतात.

पंचकर्म हे आयुर्वेदातले वेगळे शास्त्र आहे, पण ‘डिटॉक्स’च्या पाटीखाली तेही विकले जाते. दर्जा ओळखायला दिवस मोजावेत. विरेचनाआधी (जुलाबाच्या औषधाआधी) तीन ते सात दिवस स्नेहपान म्हणजे औषधी तूप पिणे, मग तीन दिवस अभ्यंग-स्वेदन (तेल लावणे आणि शेक), विरेचन आणि त्यानंतर पातळ पेज (पेया), घट्ट पेज (विलेपी), कढण (यूष) असा हळूहळू आहार वाढवण्याचा तीन, पाच किंवा सात दिवसांचा संसर्जन क्रम. हे सारे शनिवार-रविवारच्या पाकिटात बसूच शकत नाही. उपचार देणारे नोंदणीकृत बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएनवायएस (निसर्गोपचार आणि योग) पदवीधर आहेत का, ते विचारावे. सुरू असलेल्या गोळ्या, गर्भधारणा, मधुमेह आणि मूत्रपिंडाचे आजार यांची चौकशी पैसे घेण्याआधी झाली पाहिजे. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्या, किंवा अशक्तपणा आणि चक्कर ही ‘विषे बाहेर पडत असल्याची खूण’ म्हणणाऱ्या ठिकाणाहून तिथल्या तिथे उठून यावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला नुसत्या रसावर ठेवले, तर ती चक्कर साखर धोकादायक पातळीवर उतरल्याची असू शकते.