सामायिक शालेय संगणकांवरील मर्यादित खाती

शाळेतला एकच संगणक दिवसभरात अनेक विद्यार्थी आळीपाळीने वापरतात. अशा वेळी कोणाला कोणता प्रोग्राम चालवता यावा, कुठे लिहिता यावे आणि कोणत्या सेटिंगला हात लावता येऊ नये, हे ठरवून देण्याची पद्धत म्हणजे मर्यादित खाती. विद्यार्थ्याचे खाते मर्यादित असते. सॉफ्टवेअर बसवणे, काढणे आणि प्रणालीच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या) फाइली बदलणे ही कामे सर्व अधिकार असलेल्या अ‍ॅडमिन खात्याकडे राहतात. पहिल्या तासाला कोणी केलेली उलथापालथ पुढच्या तासाच्या वर्गाला भोगावी लागू नये, एवढाच मूळ हेतू. प्रत्यक्षात लॅब सांभाळणाऱ्याचा वेळ खातो तो वेगळाच प्रश्न : अभ्यासाचा प्रोग्राम शिक्षकांच्या खात्यावर नीट चालतो आणि मुलांच्या खात्यावर उघडताच बंद पडतो.

एक यंत्र अनेकांनी वापरायचे म्हटले की कुंपण आलेच. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठात 1961 साली दाखवण्यात आलेल्या, एकच संगणक अनेकांना वापरू देणाऱ्या सीटीएसएस या प्रणालीत प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक वेळ आणि स्वतःचा पासवर्ड असे. पुढच्याच वर्षी अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने वेळ अपुरा पडतो म्हणून सगळ्यांच्या पासवर्डांची फाइलच छापून घेतली. ही कबुली त्याने स्वतःच पुढे दिली. शाळेच्या लॅबमध्ये आज जे घडते त्याची परंपरा इतकी जुनी आहे. 1969 पासून बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेत घडत गेलेल्या युनिक्स या प्रणालीने मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी वाचणे, लिहिणे व चालवणे या वेगवेगळ्या परवानग्या रूढ केल्या. जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975 च्या निबंधात किमान अधिकाराचे तत्त्व मांडले : कामाला लागतील तेवढेच अधिकार द्यावेत.

घरगुती संगणकांनी मात्र हे सारे सोडून दिले होते. विंडोज 95 मध्ये लॉगिनची चौकट ‘कॅन्सल’ दाबून दूर सारता येत असे. विंडोज एनटीमध्ये 1993 पासून खऱ्या परवानग्या होत्या, पण त्या सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत 2001 च्या विंडोज एक्सपीबरोबर पोचल्या, आणि तेव्हाही घरोघरी बहुतेक जण अ‍ॅडमिन म्हणूनच काम करत राहिले. त्यामुळे त्या काळात लिहिलेले शैक्षणिक प्रोग्राम संपूर्ण यंत्र आपलेच आहे असे धरून चालतात. गुण, विद्यार्थ्यांची नावे, शेवटचा धडा हे सारे ते ‘प्रोग्राम फाइल्स’मधल्या स्वतःच्याच फोल्डरमध्ये किंवा रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीच्या, सगळ्यांसाठी समान असलेल्या भागात लिहू पाहतात. मर्यादित खात्याला तिथे वाचता येते, लिहिता येत नाही. प्रोग्राम तिथेच अडतो आणि त्रुटीचा संदेश भलत्याच गोष्टीकडे बोट दाखवतो.

2007 मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टाने यावर एक तोडगा काढला. जुन्या 32-बिट प्रोग्रामचे असे लेखन गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरकडे वळवले जाते. प्रोग्राम खूश, पण वर्गाची एकत्र गुणयादी कधीच जमत नाही. कारण प्रत्येक मुलाच्या खात्यात तिची वेगळी प्रत तयार होते. शिक्षक आपल्या खात्यावरून यादी उघडतात आणि ती रिकामी दिसते. फाइल हरवलेली नसते, फक्त जिथे कोणी शोधत नाही तिथे पडलेली असते.

अशा वेळी सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे विद्यार्थ्यांचे खातेच अ‍ॅडमिन करून टाकणे. एका फोल्डरच्या कुलपासाठी सगळ्या इमारतीची किल्ली देण्यासारखेच ते. योग्य वाट थोडी लांबची आहे. मुलांच्या खात्यावर प्रोग्राम चालवून ‘प्रोसेस मॉनिटर’सारख्या साधनाने नेमका कोणत्या फाइलीवर प्रवेश नाकारला गेला ते पाहायचे आणि तेवढ्याच जागेवर वापरकर्त्यांच्या गटाला बदल करण्याची परवानगी द्यायची. त्यातही एक खोच आहे. परवानगी शक्यतो माहितीच्या उपफोल्डरलाच द्यावी. पूर्ण फोल्डर मोकळा केला तर प्रोग्रामची मुख्य फाइलही कोणालाही बदलता येते, आणि उद्या अ‍ॅडमिनने तीच फाइल उघडली की बदललेला प्रोग्राम अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालतो.

लिनक्स या मुक्त प्रणालीवर हेच काम बहुधा गटांच्या मार्गाने होते. मायक्रोकंट्रोलरचा (छोट्या नियंत्रक चिपचा) बोर्ड यूएसबीने जोडला तरी त्यावर प्रोग्राम चढत नाही, ही तक्रार डेबियन या लिनक्स घराण्यातील प्रणालींवर नेहमीची. विद्यार्थ्याचे खाते अशी जोडणी वापरू देणाऱ्या ‘डायलआउट’ गटात घातले आणि नव्याने लॉगिन केले की ती मिटते. एखादी आज्ञा अधिक अधिकाराने चालवू द्यायची असेल तर त्यासाठीच्या ‘सुडो’ या साधनात तेवढीच आज्ञा नमूद करता येते. मात्र मजकूर-संपादकाला अशी सूट देऊ नये, कारण बऱ्याच संपादकांमधून थेट शेल, म्हणजे कोणतीही आज्ञा देता येणारी खिडकी, उघडता येते.

लिहिण्याची जागा बंद केली म्हणजे प्रोग्राम चालवणे बंद झाले असे नाही. गूगल क्रोमसारखी काही सॉफ्टवेअरे अ‍ॅडमिनचा पासवर्ड न मागता वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसू शकतात. खेळ तर पेनड्राइव्हवरून सरळ चालतात. म्हणून विंडोज 7 बरोबर 2009 मध्ये अ‍ॅपलॉकर आले. त्यात प्रकाशकाची डिजिटल सही, फाइलीचा मार्ग (ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते) किंवा फाइलीचा हॅश (तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा) यांवरून नियम करता येतात. हॅशचा नियम सर्वांत नेमका, पण सॉफ्टवेअर अपडेट झाले की निकामी. मार्गाचा नियम सोपा. मात्र परवानगी दिलेल्या मार्गात मुलांना लिहिता येत असेल तर कोणतीही फाइल तिथे आणून चालवता येते. प्रोग्रामिंगच्या वर्गात तर ही सारी यंत्रणा अर्धीच उरते : पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा वापरायला दिली की पायथनमध्ये लिहिलेले काहीही चालणार, आणि तेच तर शिकवायचे असते.

संगणक बंद करून सुरू केला की पूर्ववत व्हावा, ही वेगळी दिशा. डीप फ्रीझसारखी सॉफ्टवेअरे डिस्कवरचे सगळे बदल पुढच्या वेळी टाकून देतात. पण अपडेटसाठी हे कुलूप वेळच्या वेळी उघडले नाही, तर तीच अपडेट रोज उतरते आणि रोज पुसली जाते. मुलांचे कामही पुसले जाते. ते सर्व्हरवर किंवा डिस्कच्या वेगळ्या विभागात ठेवण्याची सोय आधी हवी. विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या नोंदींची ‘एनटीयूजर डॉट डॅट’ ही फाइल ‘डॉट मॅन’ अशी केली की प्रोफाइल (त्या खात्याच्या सेटिंगांचा संच) अनिवार्य होते आणि लॉगआउट करताच सेटिंग मूळपदावर येतात. सगळ्या वर्गाला एकच सामायिक खाते असेल तिथे हे फार उपयोगी. डावखुऱ्या मुलीने माउसची बटणे बदलली किंवा कोणी अक्षरे मोठी केली, तर ती सोय पुढच्याच्या गळ्यात पडत नाही. कंट्रोल पॅनेल सरसकट बंद करणाऱ्या लॅबमध्ये मात्र त्या मुलीला ती बटणे बदलताच येत नाहीत, आणि या निरुपद्रवी सेटिंगने प्रणालीला कसलाही धोका नसतो.

अ‍ॅडमिनचा पासवर्ड सर्व यंत्रांवर एकच ठेवणे ही जुनी सवय. तो एका यंत्रावर फुटला की सारी लॅब उघडी पडते. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये दिलेले ‘लॅप्स’ हे साधन प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देते आणि तो ठरावीक काळाने बदलते. बायोसलाही, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामलाही, पासवर्ड लागतो, कारण परवानग्या तपासते ती चालू असलेली प्रणाली. पेनड्राइव्हवरून दुसरीच प्रणाली सुरू केली आणि डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक रूपात बंद) केलेली नसली, तर त्या फाइलींवर लिहिलेल्या परवानग्या तपासायला कोणी उरत नाही.