आयएसएसएन म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे
"आयएसएसएन आहे, म्हणजे संशोधनाचं जर्नल मान्यताप्राप्त." परभणी-नांदेडकडच्या बी.एड. कॉलेजांत हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. समज होणं साहजिक. मुखपृष्ठावर तो आकडा ठळक छापलेला असतो. पण तो नियतकालिकाची ओळख पटवणारा 8 अंकी क्रमांक, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. नंबरप्लेट बघून ब्रेक लागतात का, ते कळत नाही.

दर्जा तपासायचा तर जर्नलचा जुना अंक उघडा. समजा, आठवीच्या गणित चाचणीवर लेख आहे. विश्वसनीयता गुणांक, म्हणजे चाचणीचे गुण किती भरवशाचे ते सांगणारा आकडा, दिलाय का? किती मुलांवरून काढला? प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी, म्हणजे तो किती मुलांना जमला? हे काहीच नसताना लेख छापला असेल, तर छापण्याआधी तज्ज्ञांनी तो वाचला कधी? आणि पैसे भरताच दोन दिवसांत स्वीकृती आली, तर जरा थांबाच.