सावली आणि आडोसा (मुक्कामावरचे कापडी निवारे)

धरणकाठी, माळावर किंवा गडाच्या पायथ्याशी मुक्काम करताना ऊन, दव आणि लोकांच्या नजरा यांपासून बचाव व्हावा म्हणून उभारायचे आणि मोडून परत न्यायचे कापडी निवारे. झोपण्याचा तंबू या नोंदीत येत नाही. सावली डोक्यावर लागते, आडोसा चहूबाजूंनी. सावलीखाली वारा खेळता हवा आणि आडोशाला बंद कापड हवे, त्यामुळे एकाच वस्तूकडून दोन्ही कामे करून घ्यायला गेले की बहुधा दोन्ही बिघडतात. चारही बाजूंना पडदे लावलेला गझिबो (चार पायांवरचे घडीचे छत) एप्रिलच्या दुपारी भट्टीसारखा तापतो.

मराठीला ही वस्तू नवी नाही. राहुटी, पाल, कनात, चांदवा, मेख, मोगरी, तणावा हे शब्द फौजेच्या मुक्कामांतून आले आणि मांडववाल्यांच्या व वारकऱ्यांच्या तोंडी टिकले. राहुटी आणि पाल म्हणजे साधे कापडी तंबू, चांदवा म्हणजे वरचे छत, कनात म्हणजे कापडाची उभी भिंत, मेख म्हणजे जमिनीत ठोकायचा खुंटा, मोगरी म्हणजे तो ठोकायचा लाकडी हातोडा आणि तणावा म्हणजे कापड ताणून धरणारा दोर. आज दुकानात ‘कॅनोपी’ आणि ‘चेंजिंग टेंट’ म्हणून मिळतात ते हेच चांदवा आणि कनात. सह्याद्रीतल्या अनेक गडांवर पाण्याच्या टाक्यांच्या कडेला कातळात कोरलेले गोल खळगे दिसतात. त्यांत लाकडी खांब रोवून वर छप्पर घालत. आषाढी वारीत हीच कला दरवर्षी डोळ्यांसमोर घडते. दिंडीचा ट्रक पुढे जातो, मंडळी चालत मुक्कामी पोहोचेपर्यंत पाले उभी असतात आणि बायकांच्या अंघोळीसाठी चार काठ्यांना गुंडाळलेल्या साडीचा आडोसा होतो. निवारा निवडताना कॅटलॉग चाळण्याआधी एखादा पालखीतळ पाहून यावा.

ऊन

पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. घड्याळात ती वेळ बाराची नसून साडेबाराच्या आसपासची असते. त्या वेळी सावली छताच्या अगदी खाली पडते. दुपारी चारपर्यंत सूर्य पश्चिमेला इतका कलतो की दोन मीटर उंचीच्या छताची सावली सव्वादोन मीटरच्या वर पूर्वेकडे सरकलेली असते. डिसेंबरात तर माध्यान्हीसुद्धा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. त्याच छताची सावली तेव्हा पावणेदोन मीटर उत्तरेला पडते. सकाळी अकराला पोहोचून, त्या क्षणीची सावली बघून सतरंजी अंथरणारे लोक तीन वाजता सतरंजी ओढत फिरतात ते यामुळे. दुपारी जिथे बसायचे त्या जागेच्या पश्चिमेला छत उभारावे आणि पश्चिमेच्या बाजूलाच एक उभा पडदा सोडावा. बाकीच्या तिन्ही बाजू मोकळ्या राहू द्याव्यात.

कापडांत साधी निळी ताडपत्री सर्वांत स्वस्त. पण ती हवा अडवते आणि तापली की तिची धग खाली जाणवते. तिच्या खाली वीतभर अंतर सोडून जुने धोतर किंवा सुती साडी ताणली तर फरक लगेच कळतो. मधून वारा जातो आणि धग वरच राहते. चंदेरी थराचे पॉलिस्टर चंदेरी बाजू वर ठेवून लावावे. यूपीएफ ५० असे लिहिलेले कापड अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, आत येऊ देते. उष्णतेबद्दल तो आकडा काही सांगत नाही, आणि विक्रेते या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात. नुसती सावलीच हवी असेल तर शेतीच्या दुकानातले शेडनेट घ्यावे. ही जाळी ५०, ७५, ९० अशा सावलीच्या टक्क्यांत मिळते, वारा आरपार जाऊ देते म्हणून उडतही नाही आणि तापतही नाही. पाऊस मात्र थेट गळतो.

जमीन

निवारा कापडावर नव्हे, तणाव्यांवर उभा असतो. आणि तणावा किती धरेल हे जमीन ठरवते. पुण्याच्या पश्चिमेला, पवना, मुळशी, पानशेतच्या बाजूला, काळ्या पाषाणावर मुरमाचा पातळ थर असतो. तंबूसोबत येणारी ॲल्युमिनियमची बारीक मेख त्यात दोन इंच जाते आणि वाकते. बांधकामाच्या १० मिलिमीटर सळईचे फूटभर तुकडे कापून, एक टोक घासून आणि दुसरे वाकवून घेतलेले बरे. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत दोर, ताडपत्री आणि हातोडा एकाच फेरीत होतात. मेख उभी ठोकू नये. तिचे डोके निवाऱ्यापासून बाहेर झुकलेले हवे, म्हणजे दोराची ओढ तिला वर न उपटता जमिनीत दाबते. धरणाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या काठावर माती वरून भेगाळलेली आणि खालून मऊ असते. तिथे मेख लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तितक्याच सहज बाहेरही येते. अशा वेळी दोर एका लांबट दगडाला बांधून तो दगड हातभर खोल पुरावा. कातळावर मोठ्या धोंड्याला वेढा घालण्यावाचून इलाज नाही. संरक्षित किल्ल्यांवर खणणे, ठोकणे बेकायदा आहे, तिथे धोंडेच.

दोराची गाठ सरकती हवी. निरगाठ पक्की बसते, पण ओल्या दोरावर ती नखाने सोडवावी लागते. संध्याकाळी कापड सैल पडते तेव्हा तणावा पुन्हा आवळता आला पाहिजे. म्हणून सुरगाठ, किंवा सोबत येणारा छिद्रांचा प्लॅस्टिकचा तुकडा वापरावा. प्रत्येक तणाव्याला पांढरी चिंधी बांधावी. रात्री त्या दोरात पाय अडकून पडणारा माणूस बहुतेक वेळा घरचाच असतो.

वारा आणि पाऊस

दहा फूट बाय दहा फुटांच्या घडीच्या गझिबोचे छत सुमारे ९.३ चौरस मीटर भरते. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा रेटा दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलो पडतो. म्हणजे झोत छताखाली नीट शिरला तर सत्तर किलोंच्या आसपास. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. चार पायांना पाण्याचे वीस-वीस लिटरचे चार जार बांधले की हिशेब कसाबसा जमतो. पण सोहळा संपेपर्यंत ते पाणी लोक पिऊन टाकतात. जारऐवजी वाळूची पोती ठेवावीत. वाऱ्याची चाहूल लागताच पाय एक टप्पा खाली घ्यावेत. एप्रिल-मेमधला वळीव दुपारनंतर येतो आणि पावसाआधी धुळीचा लोट येतो. तो दिसला की छत उतरवायचे, ‘थोडं थांबून बघू’ म्हणायचे नाही. विजा चमकत असतील तर लोखंडी सांगाड्याखाली उभे राहू नये, बंद मोटारीत बसावे. कापडी छत विजेपासून अजिबात वाचवत नाही.

सपाट छतावर पाण्याचा झोळ साचतो. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा किलो. झोळ जसजसा वाढतो तसा तो आणखी पाणी ओढतो आणि शेवटी सांगाड्याच्या कात्रीसारख्या पट्ट्या मोडतात. एक पाय चार बोटे खाली ठेवला की पाणी त्या कोपऱ्यातून निघून जाते. हिवाळ्यात धरणकाठी पाऊस नसतो, पण पहाटे दव इतके पडते की उघड्यावरची चादर पिळावी लागते. तंबूवर ताणलेली साधी ताडपत्रीही ते अडवते. अशा छताखाली स्वयंपाक करायला हरकत नाही, पण चारही बाजू बंद करून शेगडी पेटवणे जिवावर बेतू शकते.

आडोसा

कपडे बदलणे, अंघोळ आणि शौच यांसाठीचा उभा तंबू साधारण चार फूट चौरस आणि सहा फुटांहून थोडा उंच असतो. बहुतेकांना तळ नसतो, आणि तेच बरे. घेताना आत उभे राहून दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहावे. कुर्ता काढता येत नसेल तर तो आडोसा कामाचा नाही. बऱ्याच लोकांना माहीत नसलेली खरी परीक्षा रात्रीची. फिकट कापडाच्या आत टॉर्च लावला की बाहेरच्यांना सावल्यांचा खेळ दिसतो. गडद रंगाचे कापड घ्यावे आणि दिवा डोक्यावर न टांगता जमिनीवर, माणूस आणि गर्दी यांच्या मधल्या बाजूला ठेवावा. म्हणजे सावली गर्दीकडे न पडता उलट्या बाजूला पडते. दार वाऱ्याच्या आणि चुलीच्या उलट बाजूला असावे.

शौचाच्या तंबूसाठी खड्डा वीतभर खोल आणि पाण्याच्या काठापासून निदान साठ मीटर दूर हवा. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते, पानशेत-वरसगावचे खडकवासल्यातून पुण्याला. काठावर जे सोडून याल ते आपल्याच नळाकडे निघालेले असते.

झटक्यात उघडणाऱ्या पॉप-अप आडोशाची खरी अडचण निघताना येते. उघडायला तीन सेकंद लागतात. मिटवायला शिकलेले नसेल तर तिघेजण अर्धा तास झगडतात. आधी चारही भिंती एकीवर एक आणून तंबू सपाट करायचा. मग तो समोर उभा धरून वरची कड पायांकडे वाकवत न्यायची. मधोमध इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा पीळ दिसू लागला की जोर सोडायचा आणि दोन्ही बाजूंची कडी एकमेकींवर सरकवायची. कापडाच्या कडेत शिवलेली पोलादी पट्टी आपोआप वेढ्यांत बसते. जोर लावला की ती उसळून तोंडावर येते. ही घडी सोसायटीच्या गच्चीवर दोन-चारदा घालून पाहावी, आणि तीही ऐन निघताना नव्हे, तर आदल्या रविवारी. परत आल्यावर कापड त्याच गच्चीवर पूर्ण वाळवावे. ओल्या घडीला जुलैत आठवडाभरात बुरशी धरते आणि तो वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही.