पत्र्याच्या घरातली रेंज

अमेरिकेत ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीमागे जोडून युटा-ॲरिझोनाच्या दऱ्याखोऱ्यांत मुक्कामाला गेलं, की एक तक्रार हमखास ऐकू येते: बाहेर खुर्ची टाकून बसलं तर निरोप येतात, आत शिरलं की रेंज गायब. दोष टॉवरला दिला जातो. टॉवर दूर असतोच, पण पहिला अडथळा हाताच्या अंतरावर आहे. तो म्हणजे ट्रेलरची भिंत.

एअरस्ट्रीमसारख्या ट्रेलरचं अंग ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं असतं. मोबाईलच्या लहरी या धातूत जेमतेम २-३ मायक्रॉन शिरतात, तोवर त्यांचा जोर बराच ओसरलेला असतो. पत्रा त्याच्या शेकडो पट जाड. त्यामुळे भिंतीतून आरपार काहीच येत नाही. जे येतं ते खिडक्यांतून. फायबरग्लासचा ट्रेलर बरा, पण भिंतीत उष्णतारोधक चंदेरी फॉइल असेल किंवा काचेवर धातूचा पातळ थर असेल, तर तिथेही तेच.

फोनवरच्या काड्यांवर मात्र विसंबू नका. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती मोजायच्या एककात, असतो आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर तो सेटिंग्जमध्ये सिमच्या माहितीखाली सापडतो. उणे ८५ उत्तम, उणे ११५ म्हणजे जेमतेम. दर १० च्या फरकाला शक्ती दहापट बदलते. उणे ११० डीबीएम म्हणजे किती? एका वॅटचे शंभर लाख कोटी भाग करा, त्यातला एक. एवढ्याशा ऊर्जेतून फोन आपल्या माणसाचा आवाज वेचून काढतो, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

हा आकडा बघत ट्रेलरभोवती एक फेरी मारा. कड्यांवरून, झाडांवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. कुठे जोर वाढतो, कुठे त्या एकमेकींना खोडून काढतात. १९०० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी सुमारे १६ सेंटिमीटर, म्हणून फोन वीतभर सरकवला तरी फरक पडतो. ६००-७०० मेगाहर्ट्झच्या लहरी याहून लांब, ४०-५० सेंटिमीटरच्या. त्या डोंगराच्या कडेवरून जास्त वळतात आणि पानांत कमी शोषल्या जातात. दरीत शेवटपर्यंत टिकते ती बहुधा त्यांचीच रेंज.

सर्वांत स्वस्त उपाय असा: टॉवरच्या बाजूच्या खिडकीत फोन ठेवायचा, हॉटस्पॉट सुरू करायचा आणि लॅपटॉप आत आरामात वापरायचा. यानं भागत असेल तर पैसे खर्चू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

भागत नसेल, तर प्रश्न फोनच्या बोलण्याचा असू शकतो. टॉवर कित्येक वॅटनं बोलतो, फोन साधारण ०.२ वॅटनं. म्हणून कधीकधी निरोप येतात पण फोटो जात नाहीत. शिवाय कमी रेंजमध्ये फोन पूर्ण जोर लावून बोलतो आणि बॅटरी भराभर उतरते. छतावर, खांबावर उंच बसवलेला अँटेना दोन्ही बाजूंना मदत करतो. केबल मात्र आखूड आणि जाड हवी: साध्या पातळ केबलच्या १० मीटर लांबीत ९०० मेगाहर्ट्झला सुमारे ५ डेसिबल, म्हणजे दोन-तृतीयांश शक्ती, वाटेतच संपते. खांब उंच करून मिळवलेलं केबलमध्ये घालवण्यात अर्थ नाही.

बूस्टर बाहेरचा सिग्नल वाढवून आतल्या अँटेनाला देतो. नसलेला सिग्नल तो निर्माण करत नाही, आणि सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो. आतला अँटेना बाहेरच्याला ऐकू गेला तर गणपतीच्या मांडवात माईक स्पीकरसमोर नेल्यावर होतं तसंच होतं. फक्त ती किंकाळी टॉवरपर्यंत पोचते आणि इतरांचे फोनही बिघडवते. याच कारणानं अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं २०१३ मध्ये बूस्टरसाठी कडक नियम केले. तिथून बूस्टर भारतात आणू नका. इथे परवानगीशिवाय तो वापरणं बेकायदेशीर आहे. ट्रेलरवर बूस्टर लावताना मात्र पत्र्याचं छत उपयोगी पडतं: ते दोन्ही अँटेनांच्या मध्ये आडवं येतं.

बोलण्यासाठी बूस्टर ठीक. इंटरनेटसाठी मला छतावरच्या अँटेनाला जोडलेला सिमचा राउटर जास्त पटतो. आजचे फोन आणि राउटर एकाच वेळी दोन किंवा चार अँटेनांवरून माहितीचे वेगवेगळे प्रवाह घेतात. बहुतेक बूस्टर त्यातला एकच पुढे पाठवतात, त्यामुळे काड्या वाढतात पण वेग तितका वाढत नाही.

आणि चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, सुट्टीत अख्खं कॅम्पग्राउंड भरलेलं असेल, आकडा उणे ८५ दाखवत असूनही व्हिडिओ अडत असेल, तर कोणताही अँटेना कामाचा नाही. टॉवरची क्षमता शेकडो फोनांत वाटली गेलेली असते. नकाशे आणि मुलांचे कार्टून पहाटे, सगळे झोपेत असताना, उतरवून ठेवावेत.