किल्टवरचा रोजचा शर्ट

स्कॉटलंडमध्ये किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा निऱ्यांचा लोकरी घागरा, बहुतेकदा लग्नात, हायलँड गेम्स या पारंपरिक खेळांच्या मेळाव्यांत किंवा रग्बी-फुटबॉलच्या सामन्याला दिसतो. पण तो एरवीही हौसेने वापरणारे लोक आहेत. त्या वापरात काळे जॅकेट व बो-टाय बाजूला राहतात आणि सगळी मदार शर्टावर येते.

हायलँड या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या गेलिक भाषिक लोकांचा पूर्वीचा सदरा सुती नव्हे, लिननचा असे. तो सैल, लांब आणि पुष्कळदा केशरी रंगवलेला असायचा. १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पुरुषी वेशावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज किल्ट घालून एडिंबरोत वावरला आणि हा वेश प्रतिष्ठित झाला. गळ्याशी दोरी ओवलेला ‘जॅकोबाइट’ शर्ट जुन्या काळचा म्हणून विकला जातो. घालायला तो मोकळा आहे, पण रूप आधुनिक आहे.

पँट कमरेच्या खाली टेकते, पारंपरिक किल्ट मात्र बेंबीच्या पातळीला बांधतात. म्हणून शर्ट बाहेर सोडला की किल्टचा वरचा भाग आणि पुढची स्पोरन ही चामडी थैली झाकली जाते, धड लांब व पाय आखूड दिसतात. शर्ट खोचलेलाच बरा. तो फार घेरदार असेल तर आवळलेल्या लोकरीखाली त्याचा बोळा होतो. अशा वेळी दोन्ही कुशींचे जादा कापड चिमटीत धरून मागे दुमडावे, मग बकले लावावीत. हात वर केल्यावर निसटू नये इतकी लांबी हवीच.

आठ वार कापडाच्या किल्टला मागे निऱ्यांचे थर असतात, त्यामुळे कमरेला ऊब भरपूर मिळते. उन्हाळ्यात पातळ सुती शर्ट पुरतो. थंडीत ऑक्सफर्ड किंवा फ्लॅनेल अशा जाडसर कापडाचा शर्ट, वर लोकरी स्वेटर. गुळगुळीत कृत्रिम धाग्याचे शर्ट टाळावेत, ते सरकतात.

भडक टार्टनवर, म्हणजे किल्टच्या रंगीत चौकड्यांच्या कापडावर, साधा पांढरा, फिका निळा किंवा त्याच टार्टनमधला एखादा मंद रंग शोभतो. चौकटीवर चौकट नको, हा नियम सरसकट मानायचे कारण नाही. फिक्या पार्श्वभूमीवर दोन रंगांच्या बारीक रेषांचा टॅटरसॉल हा चौकड्यांचा शर्ट ट्वीडच्या (खरखरीत लोकरी कापडाच्या) जॅकेटाखाली स्कॉटिश खेड्यापाड्यांत सर्रास घालतात आणि तो उत्तम दिसतो. सामन्याच्या दिवशी मात्र संघाची जर्सीच चालते, तीही न खोचता.